खिडकीजवळचे दोन चौकोन

नमुने नऊ होते. सिरॅमिकच्या दोन टाइल्स, एक मॅट आणि एक चकचकीत. उत्तर वेल्समधल्या खाणीतला जांभळट स्लेटचा एक तुकडा. पिवळसर चुनखडीचा एक. लाकडासारखं दिसणारं व्हिनाइल एक. लाकडासारखंच दिसणारं लॅमिनेट एक. खऱ्या ओकच्या दोन फळ्या, एक चौदा मिलिमीटर जाडीची आणि एक वीस. आणि शेवटी करड्या कार्पेटचा एक तुकडा, खाली रबरी अस्तर लावलेला. डॉक्टर शशिधर रायरीकरांनी ते डायनिंग टेबलावर जाडीच्या क्रमाने मांडले होते, ऑपरेशन थिएटरमधल्या ट्रेवर हत्यारं मांडतात तसे. दोन नमुन्यांमधलं अंतरसुद्धा सारखं होतं.

"हे नऊ पेशंट," ते म्हणाले. "कोणाला काय सोसेल ते तू सांगायचं. मी फक्त झोपवायचं काम केलं आयुष्यभर."

शशिधरकाका निवृत्त भूलतज्ज्ञ. सत्तरच्या दशकात नागपूरहून कार्डिफला आले आणि इथलेच झाले. मी पुण्याहून बिल्डिंग फिजिक्समध्ये एमएससी करायला आले होते आणि २००७च्या त्या वसंतात एका छोट्या टेस्टिंग लॅबमध्ये नोकरीला होते. भिंत, छप्पर, जमीन उष्णतेला किती अडवते हे मोजायचं आमचं काम. पण मला या घरात बोलावलं होतं ते लॅबमुळे नव्हे. पहिल्या वर्षी मंडळाच्या गणपतीत त्यांच्या पत्नी सुप्रभाकाकूंनी माझ्या हातातली कागदी प्लेट बघून विचारलं होतं, "एवढंच जेवतेस? रविवारी घरी ये, नीट जेव." त्यानंतर बरेच रविवार मी तिथे नीट जेवले.

काकू फेब्रुवारीत गेल्या. नमुने त्यांनीच जानेवारीत फोन करून मागवले होते. ते घरी पोचले तेव्हा त्या हॉस्पिटलमध्ये होत्या, आणि काकांनी खोकं उघडलं ते एप्रिल संपताना.

घर रोथ पार्कच्या तळ्याच्या वरच्या अंगाला, चढावर. वरपासून खालपर्यंत कार्पेट. काकूंना ते कधीच आवडलं नाही. त्यांना भाजी निवडायला, पेपर वाचायला, पत्ते खेळायला जमिनीवर बसायची सवय होती. "कार्पेटवर बसलं की कुणाच्या तरी पाठीवर बसल्यासारखं वाटतं," असं त्या म्हणत. त्यांना ओल्या फडक्याने पुसता येईल अशी उघडी जमीन हवी होती आणि ती गरम हवी होती. पाय त्यांचे कायम गार. "अहो, या देशात आल्यापासून मी पाय पोटाशी घेऊन झोपते आहे," हे वाक्य मी त्या घरात इतक्यांदा ऐकलं होतं की काका ते त्यांच्याबरोबर ओठ हलवून म्हणत.

शेवटी आजार कळला आणि जिना चढणं जमेना, तेव्हा मागच्या बाजूला एक खोली वाढवायचं ठरलं. बागेकडे मोठी खिडकी, शेजारी बाथरूम, आणि जमिनीखाली गरम पाण्याचे पाइप. त्या पाइपांवर वाळू-सिमेंटचा जाड थर ओततात, त्याला इथे स्क्रीड म्हणतात. तो वाळला की वर हवी ती फरशी किंवा लाकूड बसवायचं. स्क्रीड ओतलं गेलं ते जानेवारीच्या सुरुवातीला.

मी आले त्या शनिवारी वरदाही आली होती. काका-काकूंची एकुलती एक मुलगी, जन्म कार्डिफचा, राहते लंडनकडे, पिनरला.

"ऋजुता, तू सांग त्यांना," ती म्हणाली. "कार्पेट टाकायचा आणि done. घर विकायचाच आहे ना शेवटी."

"घर विकायचं असतं," काका म्हणाले. "आणि मी विकत नाहीये."

"बाबा, तुम्ही एकटे काय करणार इथे? पिनरला आमच्या रोडवर चार मराठी लोकं आहे. मंदिर आहे. वडापाव मिळतो."

"वडापावसाठी एम-फोर हायवे तुडवायला मी काय वेडा आहे?"

ती हसली, पण स्वयंपाकघरात आल्यावर नळ सोडून माझ्याजवळ उभी राहिली. "आईला घरी यायचं होतं," ती हळू म्हणाली. "शेवटी शेवटी. ती नवीन खोलीत. पण फ्लोअर रेडी नव्हता. बाबा त्याच्यावर बोलतच नाही. फक्त रोज जातो आणि दारात उभा राहतो." तिने नळ बंद केला. "तू त्यांना फ्लोअर choose करायला मदत कर. ती झाली की कदाचित ते... I don't know. सोडतील."

मी मदत करायची ठरवली आणि ती मला येत होती त्याच पद्धतीने करायची ठरवली.

खोली चार मीटर रुंद, पाच मीटर लांब. मी खडूने तिचे वीस चौकोन पाडले. चौकोनांमध्ये नमुने ठेवले, प्रत्येकाखाली तापमान मोजणारी केसासारखी बारीक तार सरकवली आणि वरचं तापमान मोजायला हातातलं इन्फ्रारेड थर्मामीटर घेतलं. जमिनीतली ओल मोजायला पाच ठिकाणी प्लास्टिकच्या झाकणबंद डब्या चिकटवल्या: चार कोपऱ्यांजवळ आणि एक खिडकीजवळ. डबीतली हवा आणि खालचं स्क्रीड यांची ओल तीनेक दिवसांत सारखी होते, मग डबीतला आकडा वाचायचा. लाकूड बसवायचं तर तो पंच्याहत्तर टक्क्यांच्या खाली हवा.

बॉयलर चालू केला. पाइपांतून चाळीस अंशांचं पाणी फिरू लागलं. काका दारात खुर्ची टाकून बसले. मी त्यांना सांगत होते की टाइल आणि स्लेट उष्णता लगेच वर सोडतात, लाकूड थोडं अडवतं, कार्पेट सगळ्यात जास्त. नियम एवढाच, की जमिनीवर जे घालायचं त्याने उष्णता कोंडायला नको. या जमिनीवर गादी टाकून चालत नाही. खालची उष्णता खालीच राहते आणि वर काही पोचत नाही.

दुपारपर्यंत आकडे पुस्तकातल्यासारखे आले. स्लेट: खाली अठ्ठावीस, वर सत्तावीस. पातळ ओक: खाली एकोणतीस, वर पंचवीस. कार्पेट: खाली एकतीस, वर तेवीस.

खिडकीला लागून असलेले दोन चौकोन सोडून.

तिथे मी लॅबमधून आणलेला स्लेटचा दुसरा तुकडा आणि मॅट टाइल ठेवली होती. दोन्हींच्या खाली तेहतीस अंश. दोन्हींच्या वर एकवीस.

स्लेटचे असे आकडे येत नाहीत. कार्पेटचेही येत नाहीत. मी तारा बदलल्या. मग नमुने बदलले: ओक तिकडे, स्लेट इकडे. स्लेट नव्या जागी नीट वागली. ओकने खिडकीजवळ पुन्हा तेच दाखवलं. खाली तेहतीस, वर एकवीस. शेवटी मी तिथे काहीच ठेवलं नाही, उघड्या स्क्रीडवर थर्मामीटर धरला. एकवीस. तळवा टेकवला. पृष्ठभाग नुसता कोमट होता, आणि हात उचलताना तो कशाच्या तरी खालून ओढून काढल्यासारखा वाटला. तेवढं मी लिहून घेतलं नाही.

"पाइप लांब-लांब टाकले असतील तिथे," मी म्हणाले.

काकांनी पाइप टाकतानाचे फोटो काढले होते, सगळ्या खोलीचे, जमिनीवर पट्टी ठेवून. पाइप सगळीकडे सारखे होते. आणि ते विरळ असते तर खालचं तापमान कमी आलं असतं, जास्त नाही. खिडकीतून गार हवा येत असती तरी तसंच. ऊन नव्हतं; कार्डिफमध्ये तो सगळा आठवडा आभाळ छपराला टेकलेलं होतं.

पुढच्या शनिवारी मी डब्या वाचल्या. चार कोपरे: चौसष्ट, त्रेसष्ट, पासष्ट, चौसष्ट. खिडकीजवळ: अठ्ठावन्न. म्हणजे ती जागा सगळ्यांत कोरडी. उष्णता कोंडून राहते तिथे जमीन जास्त वाळते. हे तरी समजण्यासारखं होतं. उष्णता कशाखाली कोंडते, एवढंच कळत नव्हतं.

"काका, एक सोपं सांगते," मी म्हणाले. "त्या जागी गादी टाकली असती ना, तर असेच आकडे आले असते. बाकी काही मला सुचत नाही."

त्यांनी चहाचा कप बशीत ठेवला. "लांबी कुठल्या दिशेला आहे?"

"कशाची?"

"तुझ्या गादीची."

मी खडूने बारीक चौकट आखली, तळहाताएवढे चौकोन, आणि गुडघ्यांवर सरकत एकेक आकडा घेतला. ज्या रेषेवर आकडे बदलत होते तिथे खूण करत गेले. खूण खुणेला जोडली. साधारण सहा फूट लांब, अडीच-तीन फूट रुंद. कडा सरळ नव्हत्या; कापडाची कड पडते तशा होत्या.

"दक्षिणोत्तर," मी सांगितलं.

काकांनी उत्तरेकडच्या टोकाकडे पाहिलं. जिवंत माणूस उत्तरेकडे डोकं करून झोपत नाही आणि जाणाऱ्या माणसाला जमिनीवर घेतात तेव्हा त्याचं डोकं कुठे असतं, हे मलाही घरातच माहीत झालेलं होतं. पण मी आकडे बघत होते. उत्तरेकडच्या टोकाला, बशीएवढ्या जागेत, उष्णता आणखी थोडी जास्त कोंडत होती.

आकडे हातात असले की अडथळा केवढा आहे ते काढता येतं. उष्णतेला होणाऱ्या विरोधाचं एक माप असतं. स्लेटचं एक शतांश धरतात, ओकचं दहा शतांश, जाड कार्पेटचं वीस. खिडकीजवळच्या जागेचं माझ्या हिशेबात बेचाळीस शतांश निघालं. मी पुन्हा केलं. पुन्हा बेचाळीस.

काकांनी आकडा विचारला, मी सांगितला. ते वर गेले आणि एक पारदर्शक प्लास्टिकची पिशवी घेऊन आले, हॉस्पिटलमध्ये रुग्णाचं सामान परत देतात तशी. आत काकूंची गोधडी होती. त्यांनी इथेच शिवलेली. तीन सुती साड्या आणि मध्ये पहिल्या भाड्याच्या फ्लॅटमधला नारिंगी-तपकिरी पडदा, घरमालकीण टाकून देत होती तो.

"हिचं किती निघतं बघ."

"काका, कशासाठी?"

"तू आकड्याचं कारण शोधते आहेस ना? मीही शोधतो आहे. वापर तुझं मशीन."

आमच्या लॅबमध्ये दोन तापलेल्या प्लेट्समध्ये नमुना धरून हे माप घेतात. तिथे पूर्वी मी खनिज लोकर तपासली होती, बुचाची फरशी तपासली होती, एकदा मेंढीची लोकरही. गोधडी ठेवताना साहेबाने विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "पारंपरिक इन्सुलेशन." तो हसला आणि पुढे गेला. कापडाला अजून मेथीचा वास होता.

एकेरी गोधडी: एकवीस शतांश.

मी फोनवर काकांना आकडा सांगितला. म्हणाले, "दुहेरी कर."

"बेचाळीस होईल."

"हं. सुप्रभा अर्धी अंगाखाली घ्यायची," ते म्हणाले, "आणि अर्धी अंगावर."

यानंतर काही आठवडे मी दर शनिवारी तिथे जात होते. मोजायचं फारसं उरलं नव्हतं. फक्त बॉयलर बंद करून बघितला, तेव्हा सगळी खोली गार झाली आणि ती जागा दुसऱ्या दिवशीही आतून उबदार राहिली. मी गोधडी परत दिली. काकांनी ती पिशवीतून काढून कपाटात ठेवली. आम्ही त्या जागेबद्दल बोलत नव्हतो. खोलीत जाताना मी खडूच्या चौकटीच्या बाहेरून जात होते आणि काकाही बाहेरून जात होते, आणि दोघांनीही हे एकमेकांना दाखवलं नाही. एकदा वरदा आली होती. तिला आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. खडूही मी आदल्या आठवड्यात पुसून टाकला होता. कॉफीचा मग घेऊन ती बागेत काय फुललं ते बघायला खिडकीकडे निघाली, खोलीच्या मध्यावर थबकली, आणि डावीकडून वळसा घालून गेली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय काय झालं?" ती म्हणाली. वळसा घातल्याचं तिच्या लक्षात नव्हतं.

फरशी ठरवायची राहिली होती. त्या शनिवारी पाऊस थांबून नुसतं पांढरं ऊन पडलं होतं, वरदा दुकानात गेली होती. काकांनी टेबलावरच्या नमुन्यांकडे बोट केलं.

"आता सांगून टाक. कुठलं?"

"नुसत्या आकड्यांनी बघाल तर स्लेट किंवा टाइल."

"आणि नुसत्या आकड्यांनी बघायचं नसेल तर?"

"काका, पायाला जमीन गार लागते ती तिच्या तापमानामुळे नाही. ती पायातून किती भराभर उष्णता ओढते, त्यामुळे. बॉयलर बंद असला की स्लेट ओढते. लाकूड ओढत नाही. लाकडावर पाय कधी गार पडत नाहीत."

"मग लाकूड." त्यांनी पातळ ओकची फळी उचलली, तिच्यावर तळवा ठेवून बसले. "त्याला जमीन कोरडी लागते म्हणालीस."

"पंच्याहत्तर टक्क्यांच्या खाली. नाहीतर लाकूड फुगतं."

"टाइलला?"

"तितकी नाही."

"आणि माणसाला?"

मला प्रश्न कळला नाही असं मी दाखवलं.

"माणसाला किती कोरडी जमीन लागते, ऋजुता?"

ते ओकच्या फळीकडे बघत बोलत राहिले, सरळ, केस सांगतात तसे.

"फेब्रुवारीत वॉर्डमधून फोन आला. म्हणाले, घरी न्यायचं असेल तर उद्या ॲम्ब्युलन्स देतो. नर्स देतो, बेड देतो. मी सुप्रभाला सांगितलं. ती म्हणाली, बेड नको. नव्या खोलीत जमिनीवर घ्या. मी म्हटलं, अगं, समोरच्या खोलीत आणतो, सामान हलवतो. म्हणाली, मला कार्पेटवर मरायचं नाही, जमिनीवर घ्या. खिडकीजवळ. मी म्हटलं, स्क्रीड ओलं आहे. बिल्डर सांगून गेला होता, रोज एक मिलिमीटर वाळतं, पंच्याहत्तर मिलिमीटर आहे, तोवर त्या खोलीला हात लावू नका. मी दाराला टेप लावली होती. भूल देणाऱ्याला सूचना पाळायची सवय असते. पेशंटचं पोट सहा तास रिकामं हवं म्हणजे सहा तास. कोणी कितीही रडो."

बाहेर सीगल ओरडत गेला.

"एरवी ती कुकरच्या शिट्ट्यांवरून वाद घालायची. त्या दिवशी म्हणाली, 'बरं. थांबते.' आणि मी वॉर्डला पुढच्या महिन्याची तारीख विचारली. मॉनिटरवर काय दिसतंय ते मला वाचता येत होतं. तरी तारीख विचारली. त्याच आठवड्यात ती गेली."

त्यांनी फळी खाली ठेवली, दुसऱ्या फळीपासून बरोबर त्याच अंतरावर.

"मी हे कोणाला विचारलं नाही. बिल्डरला नाही. तू शिकलेली आहेस म्हणून तुला विचारतो. तिला आणता आलं नसतं ना? जमीन ओली होती ना?"

बिल्डरचा नियम वरच्या लाकडासाठी असतो. स्क्रीड तीन दिवसांत चालण्याइतकं घट्ट होतं. आठवड्याने त्यावर सामान ठेवता येतं. महिन्याने त्यावर प्लास्टिक अंथरून, सतरंजी घालून, कोणालाही झोपवता आलं असतं. एमएससीच्या पहिल्या सत्रात हे शिकवतात.

ते माझ्याकडे बघत होते. डोळे कोरडे होते. हात टेबलावर पालथे, दोन्ही.

"हो काका," मी म्हणाले. "ओली होती."

"खूप?"

"खूप."

"किती?"

त्या दिवशी कोणी मोजलं नव्हतं. आता कोणाला मोजता येणारही नव्हतं.

"अठ्ठ्याण्णव टक्के," मी म्हणाले.

त्यांनी आकडा ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिला. एकदा. मग पुन्हा.

आकडा कदाचित खराही असेल. उत्तर खोटं होतं.

"अठ्ठ्याण्णव," ते म्हणाले. "म्हणजे प्रश्नच नव्हता."

"नव्हता."

ते उठून खोलीच्या दाराशी गेले, रोजच्यासारखे उभे राहिले, आणि मग चपला काढून आत गेले. वळसा घातला नाही. खिडकीजवळ जाऊन थांबले. माझ्याकडे पाठ होती. त्यांच्या अनवाणी टाचा सिमेंटवर दिसत होत्या, थोड्या भेगाळलेल्या.

"ऐकलंस?" ते म्हणाले. मला नव्हे.

पुढच्या शनिवारी मी थर्मामीटर घेऊन गेले. वीस चौकोन, नेहमीच्या क्रमाने. खिडकीजवळच्या दोन चौकोनांत खाली अठ्ठावीस आणि वर सत्तावीस आलं. बाकी खोलीसारखं. मी बारीक चौकट पुन्हा आखली. कुठेच रेषा सापडली नाही. तळवा टेकवला. जमीन चांगली गरम होती, हात सहज सुटला.

"सगळीकडे सारखं आहे आता," मी सांगितलं.

"बरं," काका म्हणाले.

त्यांनी दाढी केली होती. वरदा म्हणाली, ते रात्री सलग झोपायला लागलेत, आणि स्वतःहून म्हणाले की दिवाळीला पिनरला येईन, वडापाव बघू तरी. तिने मला मिठी मारली. "तू काय सांगितलं त्यांना?"

"लाकूड घ्या म्हटलं."

"That's it?"

"तेवढंच."

ओक मागवलं. गठ्ठे येऊन त्या खोलीबाहेर आडवे पडले, घराच्या हवेची सवय होण्यासाठी. काकांनी नऊ नमुन्यांपैकी आठ खोक्यात भरून कंपनीला परत पाठवले आणि चौदा मिलिमीटरची फळी ठेवून घेतली. तिच्यावर सकाळी पाय ठेवून पेपर वाचत बसायचे. "सुप्रभाने हेच घेतलं असतं," ते म्हणाले. "महागातलं होतं म्हणून आधी स्लेट म्हणाली असती, पण घेतलं हेच असतं."

लाकूड बसवायच्या आधी ओल पुन्हा एकदा तपासतात. उपचार म्हणूनच; आधीच कोरडी झालेली, महिनाभर तापवलेली जमीन आणखी कोरडी होते, ओली होत नाही. मी डब्या पूर्वीच्याच पाच जागी चिकटवल्या. नवीन सेन्सर लॅबमध्ये तपासून घेतले होते. बॉयलर चालू ठेवला. छप्पर, खिडकीची चौकट, बाथरूमकडची भिंत, पाइपांतला दाब, सगळं बघून घेतलं. कुठे गळती नव्हती. दार लावून घेतलं.

डब्या वाचायला गेले तेव्हा सकाळ होती. सुतार दहाला येणार होता. बागेत वरदाने लावलेले ट्युलिप पडून गेले होते आणि काका स्वयंपाकघरात चहा टाकत होते. बत्त्याने आलं ठेचल्याचा आवाज येत होता.

"किती आहे गं?" त्यांनी आतून विचारलं.

"थांबा काका, वाचते आहे."

मी गुडघ्यांवर बसून एकेक वाचलं.

दाराजवळचा कोपरा: एकसष्ट.

बाथरूमकडचा: साठ.

मागचा डावा: एकसष्ट.

मागचा उजवा: साठ.

खिडकीजवळ: अठ्ठ्याण्णव.